जागा आधी, पाहुणा मग

"इरण्णा, वो नवी बाई गूंगी है क्या?"

काचेच्या दाराआड कचेरीचे शिपाई रज्जाकभाई आपल्या मते हळू बोलत होते. पण शेजारचं छपाईचं यंत्र नेमकं त्याच क्षणी थांबलं आणि ते वाक्य सरळ माझ्या टेबलापर्यंत चालत आलं. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक आधीच काढलेलं होतं.

"गूंगी न्हाय ओ," दुसरा आवाज आला. हा आवाज हळू व्हायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता. "तिला अजून जागा मिळाली न्हाय. जागा मिळाली की बोलंल."

"कुर्सी दी ना उसको. खिडकी के पास दी."

"खुर्ची म्हंजे जागा व्हय? तुमी बी कमाल करता रज्जाकभाई."

नोकरीचा तो माझा पहिला आठवडा होता. सोलापुरात सात रस्त्याजवळ, खाली मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर आमचं सरकारी सर्वेक्षणाचं कचेरीघर. त्यात तीन खोल्या आणि एक कॉम्प्युटर. हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडलं सांगते आहे. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा माणसाच्या उंचीची चार लोखंडी कपाटं होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी शोधायच्या ज्या अनेक सरकारी खटपटी झाल्या त्यांतली ही एक. आकाशातून घेतलेली जमिनीची चित्रं आकड्यांच्या रूपात टेपवर यायची. ते आकडे मशीननं चाळायचे, आणि कुठे पाणी, कुठे पीक, कुठे उघडा माळ हे कागदावर छापून द्यायचं. पाणी असेल तिथे अक्षरावर अक्षर छापून काळा डाग, माळ असेल तिथे नुसतं टिंब. सोलापूर जिल्ह्याच्या कागदांवर टिंबंच फार असत.

ते मशीन इरण्णांच्या ताब्यात होतं. माणूस पन्नाशीचा, रुंद, आणि कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. मे महिन्याच्या सोलापुरात ज्याची विभूती संध्याकाळपर्यंत टिकते असा शहरातला बहुधा एकच माणूस, कारण मशीनसाठी ती खोली रात्रंदिवस थंड ठेवलेली असे. त्या थंडीवर उपाय म्हणून ते गळ्याला तपकिरी मफलर गुंडाळत. चहाला खाली उतरताना तो काढायचं विसरत. बाहेर डांबर वितळत असताना हा गृहस्थ मफलर बांधून सात रस्ता ओलांडतोय, हे बघून अनोळखी माणसं थांबून विचारत, "ताप हाय का अण्णा?" ते म्हणत, "मला न्हाय. मशीनला हाय. म्हणून मला थंडी."

सकाळी आल्यावर चप्पल बाहेर काढायची, पहिल्या कपाटाला हात लावायचा आणि "शरणु" म्हणायचं, हा त्यांचा नेम. ते धारवाडला गणित शिकलेले होते, मुंबईला त्यांनी काही महिने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं होतं, आणि जाडजूड इंग्रजी पुस्तकं ते मोठ्यानं, कानडी हेलात वाचत. घरात कानडी, बाहेर मराठी, रज्जाकभाईंशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. मला ते "अक्का" म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, पण कचेरीत येणारी प्रत्येक बाई अक्का, त्यात अपवाद नाही. मी त्यांना "सर" म्हणे. म्हणजे म्हणावं लागलं तर. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवलं होतं, आणि कचेरीत हात वर कोणाकडे करायचा ते मला कळलं नव्हतं.

मी आले तेव्हा मशीनचं काही खरं नव्हतं. पुण्याहून लिहून आलं होतं की एका तालुक्याच्या चित्राला अख्खा दिवस लागतो, कधी ते मध्येच अडकतं. असंच चालणार असेल तर मशीन पुण्याला हलवावं. एक साहेब येऊन बघून जाणार होते आणि तेच ठरवणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं. रज्जाकभाईंची बदली कुठेही झाली असती. माझं तर सोपं होतं, बाबांनी पुण्याला पाठवलंच नसतं, मी घरी बसले असते. इरण्णा एकदा डबा खाता खाता म्हणाले, "मला आवक-जावकला बसवतील. कागद आला, कागद गेला. मदी आपण कोण?" आणि हसले. पण त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

मशीनचा रोग काय ते मला त्यांनी कचेरीत समजावलं नाही. होटगीच्या बसमध्ये समजावलं.

होटगीच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथल्या मठाच्या जत्रेला सगळ्या कचेरीनं जेवायला यायचं, असा त्यांचा हुकूम होता. आम्ही चौघं-पाच जण स्टँडवर पोहोचलो तर कंडक्टर दारात उभा. "जागा न्हाय. मागनं दुसरी हाय."

इरण्णांनी त्याच्या काखेखालून आत डोकावलं. "जागा हाय की. तुकडं तुकडं हाय निस्तं."

"म्हंजे?"

म्हंजे काय ते सांगायच्या ऐवजी ते वर चढले आणि ओरडले, "सगळ्यांनी उठा बगू!"

त्या आवाजात असं काही होतं की माणसं खरंच उठली. तिघांच्या बाकावर दोघं ऐसपैस, एका बाकावर माणूस आणि त्याची वळकटी, एकावर एक म्हातारी आणि तिची टोपली. "हिकडं तिघं. हितं तिघं. वळकटी वर. आजी, कोंबडी मांडीवर घ्या."

"माजी कोंबडी मांडीवर बसत न्हाय," आजी म्हणाल्या.

"मग तिचं तिकीट काढा की."

बस हसली, आजीही हसल्या, कोंबडी मांडीवर आली. बघता बघता मागचा अख्खा बाक रिकामा झाला आणि आम्ही सगळे ओळीनं बसलो. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, उद्यापासनं तुमीच या माज्या जागी."

इरण्णा माझ्याकडे वळले. "बगितलं का अक्का? जागा होती. एका ठिकाणी नव्हती. आपल्या मशीनला हाच रोग हाय."

मशीनची स्मरणशक्ती, मेमरी, तेव्हा अगदी तुटपुंजी असे. चित्राचा एक तुकडा आत घ्यायचा तर आधी तिच्यात जागा मागायची, काम झालं की ती परत करायची. बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली पद्धत तशीच होती: लागेल तेव्हा मागा, झालं की सोडा. कुणी मोठी जागा मागे, कुणी लहान, कुणी लवकर सोडे, कुणी उशिरा. दुपारपर्यंत मेमरीची ती बस होऊन जाई. एकूण जागा भरपूर, पण सलग कुठेच नाही. आणि प्रत्येक वेळी जागा शोधण्यातच मशीनचा निम्मा वेळ जाई. मग चित्र अर्धवट टाकून ते थांबे. इतके दिवस मी मॅन्युअलमध्ये जे वाचत होते ते कोंबडी मांडीवर आल्यावर मला कळलं. मी मान हलवली. इरण्णांना तेवढं पुरलं.

पण रोग कळणं वेगळं आणि औषध वेगळं. औषध मठात होतं.

मठाच्या पटांगणात दासोह होता, म्हणजे येईल त्याला जेवण. तिथे इरण्णा कुणी वेगळेच होते. धोतर वर खोवलेलं, खांद्यावर पंचा, मफलर नाही. त्यांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या पंगतीची व्यवस्था होती. ते वाढत नसत, पंगत चालवत. दोरी धरून सरळ रेषा, रेषेवर पत्रावळी, सगळ्या एका मापाच्या, दोन पानांत एकाच मापाचं अंतर. पाहुणे यायच्या आधी सगळी जागा मांडून तयार. "जागा आधी, पाहुणा मग," हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी छाती भरून हाळी दिली, "बसून घ्याऽ मंडळीऽ, बसून घ्याऽऽ!" आणि पटांगण एकदम बसलं.

मी घरी टेबलावर जेवणारी. मांडी घालताना पायाला मुंग्या येत होत्या. भाकरी, शेंगांची चटणी, वांगं, भात, आणि शेवटी गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी. वाढपी धावत होते, आणि इरण्णा ओळीमधून फिरत विचारत होते, "कुणाला काय? कुणाला काय?" माझ्या वांग्याला मीठ कमी होतं. ते माझ्यापाशी आले, माझ्या पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पानाकडे बघितलं. ते पुढे गेले.

नंतर म्हणाले, "मीठ पायजे होतं न्हवं?"

मी मान हलवली.

"मागितलं का न्हाय? पंगतीत मागंल त्याला वाढायचं. न मागणाऱ्याला मी दोनदा विचारत न्हाय. शंकर आला तरी न्हाय."

पहिली पंगत उठली. एकदम, सगळीच्या सगळी. ज्याचं लवकर झालं होतं तोसुद्धा शेवटच्या माणसाचं होईपर्यंत हात वाळवत बसून राहिला होता. मधून उठायचं नाही. मग पत्रावळी एका फटक्यात गोळा झाल्या, आणि इरण्णांच्या आत्या, गंगव्वा, ओलं फडकं घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन पुसत गेल्या. वाळल्यावर पुन्हा पानं पडली आणि दुसरी पंगत बसली.

त्या पंगतीच्या सुरुवातीलाच अक्कलकोटकडचे कुणी बडे बागायतदार बसले होते, बोटात जाड अंगठी. वाढपी भाकऱ्या घेऊन निघालेले. इरण्णा फिरत फिरत त्यांच्यापाशी आले आणि थांबले. पत्रावळीच्या कडेखाली भाताचं एक शीत होतं. मागच्या पंगतीतल्या कुणाचं तरी, फडक्यातून सुटलेलं.

"उठा," इरण्णा म्हणाले. "सगळ्यांनी उठा."

"अहो, एका शितासाठी?" बागायतदार म्हणाले.

"व्हय. उष्ट्यावर वाढलं तर ते जेवण न्हवं."

"पोरं भुकेजलीत की."

"मग लौकर उठा."

ओळच्या ओळ उभी राहिली. गंगव्वा कंबरेवर हात ठेवून कानडीत भाच्याला काय काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण आजूबाजूचे तोंड फिरवून हसत होते. त्यांनी पुन्हा सगळी ओळ पुसली. बागायतदार अंगठी फिरवत उभे होते. इरण्णा पापणीही न हलवता गंगव्वाच्या फडक्यावर नजर ठेवून होते.

सोमवारी कचेरीत आल्यावर त्यांनी व्हरांड्यात खडूनं फरशीवर पंगत काढली. मशीनच्या खोलीत खडू न्यायला बंदी होती. ती पाटी त्यांनीच लावलेली होती. रज्जाकभाई, मी आणि खालच्या दुकानातून गंमत बघायला आलेले दोघं भोवती उभे.

"आता कुणी मागायचं न्हाय, कुणी सोडायचं न्हाय," इरण्णा म्हणाले. "सकाळी मशीनकडनं अख्खं पटांगण एकदाच मागून घ्यायचं. त्याची पानं पाडायची, सगळी एका मापाची. चित्राची एक पट्टी म्हंजे एक पंगत. समदी एकदम बसली, समदी एकदम उठली. मधनं उठायचं न्हाय. मग दुसरी पट्टी, त्याच जागंवर."

"और जो बचा वो?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"काय बचत न्हाय. तेच तर हाय."

पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी ती पंगत मशीनच्या भाषेत उतरवली. ते बोलत, मी लिहीत असे. करमाळा तालुक्याचं चित्र नमुन्याला घेतलं होतं. एकदा त्यांनी नुसतंच विचारलं, "ह्या तालुक्यातलं काय बगितलंय का अक्का?"

"केम," मी म्हणाले. "मामा स्टेशनवर होते. सुट्टीत जायचे मी."

"केमला पानी कुटलं?"

"नव्हतंच. रेल्वेच्या टाकीतून आणायचो. मामीनं मला एक लहान कळशी ठरवून दिली होती. त्या बाजूला सगळा मुरूम आहे."

इरण्णांनी हातातला कागद खाली ठेवला आणि दार उघडून ओरडले, "रज्जाकभाई! अक्का चार वाक्यं बोलल्या! चहा आणा!"

मी पुढचे दोन दिवस एक वाक्य बोलले नाही.

मशीन मात्र धावायला लागलं. दिवसभर लागणारं काम जेवणाच्या सुट्टीआधी व्हायला लागलं. इरण्णा प्रत्येक पट्टी छापून आली की "उठली!" म्हणत आणि पुढची सुरू झाली की "बसली!" म्हणत. मफलर काढून हवेत फिरवायचे. आणि एकदा वेगाची चव लागली की माणसाचं पोट भरत नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी ते लहान मुलासारखे हसत माझ्या टेबलाशी आले.

"अक्का, एक गंमत. दर पंगतीआधी मशीन समदी पानं पुसतंय. जुने आकडे काढून शून्य मांडतंय. त्यात येळ जातोय. पण नवं वाढलं की जुनं झाकतंयच की! मग पुसायचं कशाला? पुसणं काढून टाकलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"गंगव्वाला सांगू नका," ते म्हणाले आणि डोळा मिचकावला.

पण मी बोलत नसले तरी करून बघत असे. ते चहाला खाली गेल्यावर मी पुसण्यासकटचा जुना प्रोग्राम दोन-चार पट्ट्यांवर पुन्हा एकदा चालवला. फरक होता, पण अख्ख्या चित्रामागे धरला तरी रज्जाकभाईंचा चहा वरपर्यंत येऊन निवण्याइतकाच. ज्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर तो जुना प्रोग्राम होता ती मी गुंडाळून खणात ठेवली. टाकवली नाही, एवढंच.

साहेब आले. उंच, हसरे, पुणेरी. बूट काढायला लावल्यावर त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक दिसलं आणि खोलीतला ताण जरा कमी झाला. इरण्णांनी मशीनला "शरणु" केलं, बटण दाबलं, आणि पट्ट्यांमागून पट्ट्या छापून यायला लागल्या. मी त्या एकाखाली एक जमिनीवर मांडत गेले. घड्याळ बघून साहेब म्हणाले, "कमाल आहे! पुण्यात सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता." इरण्णांची छाती मठातल्यासारखी भरली. रज्जाकभाईंनी लगेच जाऊन चहा टाकला.

साहेब कागदांच्या कडेला गुडघ्यांवर बसले. शेजारी त्यांचा स्वतःचा नकाशा. त्यावर जिथे जिथे गावांनी पाझर तलाव मागितले होते तिथे खुणा केलेल्या होत्या.

"हे काय?" ते अगदी खालच्या कडेला बोट ठेवून म्हणाले. "केमच्या खाली एवढं पाणी? आणि हे लोक तिथे तलाव मागताहेत! छान. हे आपण काढूनच टाकू." त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि आपल्या नकाशावरच्या त्या खुणेवर एक रेघ मारली. दुसरी मारायला हात उचलला.

मी त्या डागाकडे बघत होते. केमच्या खाली पाणी असतं तर माझी कळशी इतकी लहान नसती. आणि तो डाग मी बघितलेला होता. वरच्याच पट्टीत, बरोबर त्याच्या डोक्यावर एक जुना तलाव होता, पळसाच्या पानासारखा, एका बाजूनं कुरतडल्यासारखा. खालचा डाग हुबेहूब तसाच होता. कुरतडल्यासकट.

मी वरच्या तलावाकडे बघितलं, मग खालच्या. पुन्हा वरच्या. मी बोलत नाही म्हणून इरण्णांना माझे डोळे वाचायची सवय लागली होती. त्यांची नजर माझ्या नजरेमागून वर गेली, खाली आली, आणि तिथेच थांबली.

झालं होतं ते सरळ होतं. शेवटच्या पट्टीला चित्र अपुरं पडलं होतं. चित्र संपलं होतं, पण पंगत संपली नव्हती. काही पानांवर नवं वाढलंच गेलं नाही, आणि ती पुसलेलीही नव्हती. मशीननं मागच्या पंगतीचं त्यांच्यावरचं उरलेलं तसंच्या तसं छापलं होतं.

इरण्णांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एका शितासाठी अख्खी ओळ उठवणारा माणूस. त्यांनी मफलर हातात धरला. तोंड उघडलं. ज्या तोंडानं होटगीची बस उठली होती, त्यातून काही म्हणजे काही निघेना.

"काय झालं?" साहेबांनी मान वर केली. "हे पाणी खरं आहे ना, इरण्णा?"

इरण्णांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्यासारखी.

"नाही? मग हे छापलंय काय?" साहेबांचं हसू गेलं. "म्हणजे तुमचं मशीन वेगानं चुका करतं? बोला ना. तसं असेल तर ते पुण्याला गेलेलंच बरं, नाही का?"

दारात रज्जाकभाई चहाचा ट्रे घेऊन उभे होते. इरण्णा माझ्याकडे बघत होते. पटांगणात माझ्या पानापाशी थांबले होते तसंच. आणि मला माहीत होतं की ते दोनदा विचारणार नाहीत. आज तर त्यांना एकदाही विचारता येत नव्हतं.

मी खण उघडून कागदी पट्टीची गुंडाळी काढली. मशीनपाशी जाऊन ती आत चढवली. आणि बोलले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा खूप मोठा आला. खालच्या दुकानदारानं नंतर विचारलं की वर काय जत्रा होती का.

त्यानंतरचे इरण्णा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मठात शेवटची पंगत होईपर्यंत कधीही न बसणारा तो माणूस तिथल्या तिथे, साहेबांच्या शेजारी, कागदांच्या कडेला मांडी घालून बसला. हात मांडीवर, पाठ ताठ, एखाद्या शहाण्या पाहुण्यासारखा. साहेब त्यांच्याकडे बघून गोंधळले आणि तेही नीट बसले. रज्जाकभाईंनी ट्रे खाली ठेवला, आणि मग तेही. चहा प्यायला तिघंही विसरले. शेवटच्या दोनच पट्ट्या परत घ्यायच्या होत्या; चहा निवला तेव्हा शेवटची बाहेर आली. केमच्या खाली नुसती टिंबं होती, आणि जेवणाच्या सुट्टीला अजून अवकाश होता.

साहेबांनी खोडरबर मागितला. लाल रेघ पूर्ण गेली नाही, पण तलावाची खूण राहिली. जाताना बूट घालता घालता ते इरण्णांना म्हणाले, "मशीन इथेच राहू दे. पण पुसत जा, काय?"

"व्हय साहेब," इरण्णा म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "आता पुसणारी मिळाली की." मग माझ्याकडे वळून, "गंगव्वाला सांगू नका."

पुढे कितीतरी वर्षं मी त्याच खिडकीजवळ बसले. इरण्णा निवृत्त होऊन गावी गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते होटगीच्या फलाटावर. माझी गाडी थांबली होती आणि ते कुणाला तरी पोहोचवायला आले होते. विभूती घामानं निम्मी पुसलेली, सवयीनं गळ्यात मफलर. मला खिडकीत बघून त्यांनी फलाटावरची पाच-सहा माणसं गोळा केली आणि तीच गोष्ट सुरू केली. त्यांच्या सांगण्यात आता साहेब दिल्लीचे झाले होते, मोज्याला दोन भोकं होती, आणि मी टेबलावर हात आपटून इंग्रजीत एक लांबलचक भाषण केलं होतं. "काय म्हणाल्या बगा ह्या अक्का!" ते म्हणाले, आणि तेवढ्यात गाडी सुटली. ते मफलर हलवत, सांगत, फलाटाच्या टोकापर्यंत चालत आले.

भाषण वगैरे काही नव्हतं. सगळं मराठीत होतं, आणि त्यातली हाळी तर त्यांचीच, हेलासकट. त्या दिवशी थंड खोलीत, मशीनकडे तोंड करून, मोठ्यानं मी एवढंच म्हणाले होते:

"बसून घ्याऽ मंडळीऽ, बसून घ्याऽऽ! पान उष्टं राहिलंय. पुसून परत वाढते."